बर्फ : आर्नफिन

टूरिल दारोदार फिरली त्या नोव्हेंबरात,
कानटोपी हातात धरून, वर्गणी मागायला यावं तशी.
म्हणाली, रोज सात ते नऊ जरा गप्प राहाल का?
सेन्या बेटाच्या या टोकाला घरं नऊ.
त्यातली तीन तशीही गप्पच.
उरलेल्यांनी मान हलवली.
बेरितनं कुत्रा आत घेतला,
हॉकूननं जनरेटर बंद ठेवला,
आणि मी, होड्यांच्या फळ्या तासणारा म्हातारा,
रंधा फडक्यात गुंडाळून ठेवला.

आईच्या रिकाम्या स्वयंपाकघरात तिनं मांडामांड केली.
गिटार, उसना माइक, टेपचं जुनं यंत्र,
भिंतींना लोकरीच्या घोंगड्या.
फ्रीज गुरगुरतो म्हणून त्याची पिन काढायची
आणि परत लावायची आठवण राहावी म्हणून
गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची.
तरी एकदा विसरलीच.
सकाळी वितळलेला कॉड गावभर वाटत फिरली.
दोन दिवस आम्ही तिच्या दुसऱ्या गाण्याचं कालवण खाल्लं.

सूर्य तेव्हा नव्हता. आमच्याकडे तो जानेवारी सरता सरता येतो,
डोंगराच्या कडेला टेकतो, लगेच जातो,
उसनं परत करायला आल्यासारखा.
त्या काळोखात तिच्या खिडकीचा पिवळा चौकोन
आणि त्यात तिची वाकलेली मान.
आवाज बाहेर येत नव्हता.
कशासाठी गप्प होतो, ते आम्हालाच ऐकू येत नव्हतं.

एके रात्री मी विसरलो.
पायरीवरचा बर्फ फोडायला पहार घेतली, चार घाव घातले,
पाचवा उगारला आणि जीभ चावली.
हात तसाच वर.
दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो तर म्हणाली,
असू दे, आर्नफिन. तालात होते.
जवळजवळ.

उन्हाळ्यात तबकडी आली.
जाड पुठ्ठ्याचं पाकीट, मागे बारीक अक्षरं :
आवाज, गिटार, पायपेटी, सगळीकडे टूरिल.
आणि अगदी तळाशी,
बर्फ : आर्नफिन.

माझ्याकडे वाजवायला यंत्र नाही,
म्हणून मासळीच्या गोदामातल्या कॅन्टीनमध्ये
चारचौघांत बसून ऐकली.
आवाज असा, की कुणी कानाशी बसून बटण शिवतंय.
श्वास ऐकू येतो. तारेवरून सरकणारं बोट.
खुर्ची करकरते. ती गुड्नीची खुर्ची, डावा पाय आखूड,
मीच एकदा पाचर मारून दिली होती.

मग चौथं गाणं.
होडीत एक बाई, एकाच हातात मोजा.
त्याचा जोडीदार वल्हवणाऱ्याच्या हातात.
खाडी ओलांडेपर्यंत दोघं बोलत नाहीत.
पलीकडे नवरा मुलगा कंदील घेऊन उभा.
ती मोजा परत द्यायला विसरते,
की विसरत नाही,
इथं एक ओळ रिकामी. नुसती तार.

एकाहत्तरचा मार्च.
होडीत तिसरं कुणी नव्हतं.
वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या किनाऱ्याला असते.
कंदील मी पाहिलाच नाही,
गुड्नीच्या तोंडावर त्याचा उजेड वाढत गेला तो पाहिला.
गाण्यात कंदील आहे.
म्हणजे हे तिच्या बाजूनं सांगितलेलं.
कधी सांगितलं असेल लेकीला? भांडी विसळताना?
की शेवटच्या दुखण्यात, पाणी पाजायला ती वाकली तेव्हा?
पन्नास वर्षं मी धरून चाललो होतो
की मोजा हरवला असणार,
म्हणून तिनं विषय काढला नाही.

हॉकूननं विचारलं, तुझा बर्फ कुठाय रे यात?
पुढच्या गाण्यात, मी म्हणालो. थांब.
आले. एक, दोन, तीन, चार.
सगळे हसले. बेरितनं पाठीवर थाप मारली,
कुणी म्हणालं, आता तू कलावंत, कॉफी तुझ्याकडून.
मी खिशात हात घालून
पाचव्याची वाट पाहत राहिलो.
तो मी घातलाच नव्हता.
तरी.